पतियाळ्याच्या सासरी ‘नको’ म्हणायला शिकताना

नोव्हेंबरच्या शेवटी तिचा पहिला फोन आला तेव्हा ती गच्चीवर उभी होती. खाली बोलता येत नाही म्हणाली. वाऱ्यात आवाज तुटत होता. “काकू, मला पंजाबी कळतं बऱ्यापैकी. तोडकंमोडकं बोलतेही. पण मला नाही म्हणता येत नाही. तेवढंच शिकवाल का?”

मी पतियाळ्यात अकरा वर्षं राहिले आणि आता मराठी माणसांना बोलीतलं पंजाबी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना स्वागत कसं करायचं, वाहवा कशी करायची, सासूबाईंशी गप्पा कशा मारायच्या हे हवं असतं. फक्त नकार शिकायला आलेली ती पहिलीच. हे प्रकरण तिला वाचून दाखवून, तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, प्रसंग जसे घडले तसेच आहेत.

घर

ती सांगलीकडची. नवरा पतियाळा जिल्ह्यातला, पुण्यात नोकरीला असताना ओळख झाली. फेब्रुवारीत लग्न झालं, आणि घरी बसून करायची नोकरी असल्यामुळे दोघं त्याच्या गावी राहायला गेली. घरात सासू-सासरे, धाकटा दीर आणि नवऱ्याची आजी, जिला सगळे बीबी म्हणतात. भिंतीला लागून चुलत सासऱ्यांचं घर. दोन्ही घरांचा वेहडा, म्हणजे अंगण, एकच. चाची आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी दिवसातून दहादा येणार-जाणार.

माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगते. उलट जीव लावणारी आहेत, आणि प्रकरण अवघड झालं ते त्यामुळेच. ती आली त्या दिवशी बीबीने शेजारणींना सांगितलं होतं की ही भगत नामदेवजींच्या देशातली आहे. नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं, हे आपल्याला आठवत असेल. त्या घरात मात्र नामदेव रोजच्या पाठातले आहेत. तेव्हा सून परकी असली तरी आली होती मोठ्या मानाच्या दारातून.

आणि तिला नेमका हाच मान सोसवेना. ताटात तिसरा परौंठा न विचारता पडायचा. मीटिंग चालू असताना दार उघडून सासूबाई हातात दुधाचा ग्लास घेऊन उभ्या. कपाट सगळ्यांचं. चाचीचा दर आठवड्याचा प्रश्न, “ख़ुशख़बरी कदों सुणाउणी ऐ?” आनंदाची बातमी कधी. तिला राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, आणि मग ती गच्चीवर जायची.

आठवड्याची वही

मी तिला पहिल्या तासाला एकही वाक्य शिकवलं नाही. एक वही कर म्हटलं. आठवडाभर, जेव्हा जेव्हा मनात ‘नको’ आलं आणि तोंडातून ‘हां जी’ गेलं, तेव्हा तिथल्या तिथे लिहायचं: कोण होतं, काय म्हणालं, तू काय म्हणालीस, कुठल्या भाषेत.

आठ दिवसांत २३ नोंदी झाल्या. १४ खाण्याच्या, ५ खोलीच्या, ३ खासगी प्रश्नांच्या, १ कपड्यांची. आम्हा दोघींनाही दिसलं नव्हतं ते शेवटच्या रकान्यात होतं. जवळजवळ प्रत्येक वेळी तिने नकार द्यायचा प्रयत्न केला होता, आणि तो हिंदीत. “नहीं मम्मी जी, प्लीज़, सच में नहीं चाहिए.” एरवी ‘हां जी’, ‘अच्छा जी’, ‘मैं करदी आं’ पंजाबीत. होकार पंजाबीत आणि नकार हिंदीत, असं तिचं आपोआप विभागून गेलं होतं. नकार देताना चूक नको म्हणून ती खात्रीच्या भाषेकडे वळत होती.

माझ्या मते सगळं अडलं होतं ते इथे. त्या घरात हिंदी सगळ्यांना येते, पण ती बोलली जाते बाहेरच्यांशी: बँकेतल्या साहेबाशी, बिहारातून आलेल्या मजुराशी, लांबच्या पाहुण्याशी. घरातली सून हिंदीत ‘नहीं चाहिए’ म्हणाली की ऐकणाऱ्याच्या कानाला तो पाहुणीचा नकार वाटतो. आणि पाहुण्याचा नकार मानायचा नसतो, तो मोडायचा असतो. आपल्याकडे पंगतीत पाहुण्याने जिलबीला हात आडवा केला तर वाढणारा थांबतो का? आग्रह करतो, कारण पाहुणा संकोचतोय असं आपण धरून चालतो. घरची मुलगी मात्र “मला नको गं” म्हणाली की वाढणारी पुढच्या पानाकडे जाते. ती जितक्या नम्रपणे, जितक्या वेळा ‘प्लीज़’ म्हणत होती, तितकी पाहुणी ठरत होती आणि तितका आग्रह वाढत होता.

पंजाबात यात आणखी एक पदर आहे. तिथल्या खेड्यांत घराघरांतल्या देण्याघेण्याला वरतण-भांजी म्हणतात. लग्नातली मिठाई, बाळंतिणीच्या खुराकाची पंजीरी, शगनाचे म्हणजे शुभकार्याला द्यायचे पैसे, एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि थोडे वाढवून परत येतात. हिशेब कधीच पुरता मिटवत नाहीत, कारण मिटला तर नातं मिटलं. अशा ठिकाणी पुढे केलेली वस्तू कोरडेपणाने परत ढकलणं म्हणजे खातं बंद करणं. नकार द्यायचा तर तो खातं चालू ठेवून द्यावा लागतो.

‘नको’ कुठे सापडेना

मराठी माणसाला पंजाबीत पहिली अडचण येते ती ‘नको’ची. आपला हा शब्द फार सोयीचा. चहा नको, भांडण नको, आत्ता नको, तू येऊ नकोस, सगळीकडे चालतो. हिंदीत तो नाही आणि पंजाबीतही नाही. शब्दाला शब्द ठेवून ‘मैनूं नहीं चाहीदा’ म्हणता येतं (लिहितात चाहीदा, कानावर पडतं चाईदा), पण तेही वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं: दुध नहीं चाहीदा, रोटी नहीं चाहीदी. शिवाय ते दुकानात बोलावं तसं कोरडं वाटतं. घरात नकार प्रसंगागणिक वेगळा असतो. म्हणून आम्ही वहीतल्या नोंदीच समोर ठेवल्या आणि प्रत्येक ‘नको’ला त्याचं त्याचं वाक्य शोधलं.

खाण्याला: “बस मम्मी जी, मैं तां रज्ज गई.” रज्जणं म्हणजे नुसतं पोट भरणं नाही, तृप्त होणं. यात वाढणारीचं कौतुक आत बसलेलं आहे. हिंदीतलं ‘नहीं चाहिए’ अन्नाला नाकारतं, ‘रज्ज गई’ अन्नाला पावती देतं. त्याच कुळातला दुसरा शब्द ‘बथेरा’. “बथेरा हो गया जी,” भरपूर झालं.

वस्तूला किंवा मदतीला: “रहण दिओ.” राहू द्या.

वेळेला: “हुण नहीं, मगरों.” आत्ता नाही, नंतर. लगेच उत्तर द्यायचं नसेल तर “सोच के दस्सांगी,” विचार करून सांगते.

कामाला: “अज्ज मैथों नहीं होणा.” हे वाक्य मी तिला म्हणून दाखवलं तेव्हा ती एकदम हसली. “अहो काकू, हे तर आपलंच! आज माझ्याच्यानं होणार नाही.” खरंच तसं आहे. ‘मी करणार नाही’ असं न म्हणता ‘माझ्याकडून हे घडणार नाही’ म्हणायचं, दोष कोणाकडे जात नाही, ना सांगणाऱ्याकडे ना करणाऱ्याकडे. तिच्या सासरी ‘मैथों’च्या जागी ‘मेरे तों’ही ऐकू येतं. पण यातला ‘अज्ज’ गाळायचा नाही, असं मी तिला बजावलं होतं. तो गेला की वाक्य ताठ होतं, कायमचं हात झटकल्यासारखं वाटतं.

आणि सगळ्याच्या आधी गरज पडली तर “गुस्सा ना करिओ,” रागवू नका हं.

आता चुका. तीन सांगते, कारण मराठी जिभेच्या आणि कानाच्या त्या ठरलेल्या चुका आहेत.

पहिली जोडाक्षराची. पंजाबीत ‘दस’ म्हणजे दहा आणि ‘दस्स’ म्हणजे सांग. गुरमुखीत अक्षराच्या डोक्यावर अद्दक नावाची छोटी खूण येते, तिने पुढचं व्यंजन दुप्पट होतं. आपल्याला तो ठोका घ्यायची सवय नाही. चाचीने रविवारच्या कीर्तनाला येणार का विचारलं, तर ही म्हणाली, “सोच के दस दिआंगी.” विचार करून दहा देईन. चाची म्हणाली, “दस क्यों, ग्यारां दे दे!” शगनाला दहा नाही, अकरा देतात ना. वेहड्यात सगळ्या हसल्या. ती मला म्हणाली की त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या ‘बघते’ला कोणी उलटून आग्रह केला नाही.

दुसरी चूक नवऱ्याकडून शिकल्याची. तो आईला म्हणतो, “रहण दे, मम्मी.” तिने तेच उचललं. मुलगा आईला ‘तूं’ म्हणतो ते लाडाचं, सुनेने म्हटलं की उद्धट. “रहण दे” म्हणून ती मोकळी झाली आणि सासूबाई हातातलं पातेलं तसंच धरून थबकल्या. काही बोलल्या नाहीत. ‘दे’ आणि ‘दिओ’मध्ये एवढं अंतर आहे. घरातल्या पुरुषाकडून भाषा उचलणाऱ्या सगळ्याच सुनांना मी आता हे पहिल्याच तासाला सांगते: शब्द नवऱ्याकडून घे, क्रियापद नणंदेकडून, जावेकडून घे.

तिसरी चूक ऐकण्यातली. पतियाळा, संगरूर, बठिंडा हा माळव्याचा पट्टा (मध्य प्रदेशातला नव्हे, सतलजच्या दक्षिणेचा). इथल्या बोलीत ‘तुहाडा’चं ‘थोडा’ होतं, ‘तुमचं’ या अर्थाने. कमी या अर्थाचा ‘थोड़ा’ वेगळा, त्यातला ड़ जिभेवरून घसरत येतो. दिराने लस्सीचा ग्लास पुढे करत म्हटलं, “भाबी, आह थोडा ऐ.” वहिनी, हा तुमचा. तिने ऐकलं, हे थोडं आहे. घाईघाईने म्हणाली, नाही नाही, पुष्कळ आहे. त्याला काही कळेना. कित्येक दिवस तिला वाटत होतं की या घरात सगळे तिच्या खाण्याला ‘थोडं, थोडं’ म्हणून नावं ठेवतात. ते फक्त ‘तुमचं, तुमचं’ म्हणत होते.

डिसेंबर संपता संपता १४ नोंदींच्या ४ झाल्या. सासूबाईंचा पहिला प्रतिसाद तिने मला शब्दशः लिहून पाठवला. ही म्हणाली, “बस मम्मी जी, रज्ज गई.” त्या म्हणाल्या, “तूं खाधा ई की ऐ?” तू खाल्लंस तरी काय. ही पुन्हा तेच म्हणाली, आवाज न चढवता, त्याच शब्दांत. त्या म्हणाल्या, “चल, कोई ना,” आणि रोटी सासऱ्यांच्या ताटात गेली. ‘कोई ना’ हा पंजाबीतला फार मोठ्या मनाचा शब्द आहे: असू दे, काही हरकत नाही. तो ऐकू आला की नकार पोचला.

दार

खोलीचं प्रकरण खाण्याइतकं सोपं नव्हतं. दार वाजवून येत जा, हे पंजाबीत सरळ म्हणता येतं: “खड़का के आइआ करो.” ही ‘आइआ करो’ची रचना आपल्या ‘येत जा’सारखी. नुसत्या आज्ञेपेक्षा मऊ, आज चुकलात असं न म्हणता पुढची रीत सांगणारी. दिराला तिने ते म्हटलं, “खड़का के आइआ कर,” आणि तो त्या दिवसापासून वाजवून येतो. तरुण मुलांना ते पटकन कळतं.

सासूबाईंना हे वाक्य म्हणायचं नाही, असं मी तिला सांगितलं. त्यांच्या घरात, त्यांनीच रंगवून घेतलेल्या दाराशी, त्यांनी थांबायचं हे त्यांना लागलं असतं. नवरा म्हणाला मी आईला सांगतो. तिनेच नको म्हटलं, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटलं. मुलाच्या तोंडून गेलेली गोष्ट कितीही गोड असली तरी तक्रार होते. सुनेने मुलाकडे सांगितलं, एवढंच मागे उरतं.

इथे आमच्या मदतीला एक सर्वनाम आलं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर, आपण म्हटलं की तो आत. हिंदीत दोन्हीला एकच ‘हम’. पंजाबीत मात्र आपल्यासारखीच सोय आहे: ‘असीं’ आणि ‘आपां’. माळव्यात तर ‘आपां’ उठता-बसता ऐकू येतं. हिंदीतून पंजाबीत जाणारे ते वापरायला विसरतात. मराठी माणसाने विसरायचं कारण नाही.

मग वाक्य असं झालं: “मम्मी जी, दो तों चार मेरी मीटिंग ऐ. मगरों आपां कट्ठियां चाह पीवांगीआं.” दोन ते चार माझी मीटिंग आहे, नंतर आपण दोघी मिळून चहा पिऊ. दार बंद राहायचं कारण आणि दार उघडायची वेळ, दोन्ही एकाच दमात. रोज जेवणानंतर हे सांगायचं, असं ठरलं. चार वाजता ती खरोखर बाहेर यायची, हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. एक दिवस मीटिंग लांबली तर तिने उठून दार उघडलं, हाताने दहा मिनिटं अशी खूण केली आणि पुन्हा लावलं. सासूबाईंनी चहा दहा मिनिटं उशिरा टाकला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईच चाचीच्या मुलीला दाराशी अडवून म्हणाल्या, “हुण नहीं, चार वजे.”

चाचीच्या प्रश्नाला नेमकी उलटी वाट घ्यावी लागली. ख़ुशख़बरीच्या प्रश्नाला तिथे तयार उत्तर आहे, “रब्ब दी मरज़ी.” बहुतेक मुली ते म्हणून सुटतात. ही म्हणाली, मला देवावर ढकलायचं नाही, हा आमच्या दोघांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. मग इथे ‘आपां’ नव्हे, ‘असीं’: “चाची जी, एह गल्ल असीं दोवें आपे देख लवांगे.” ते आम्ही दोघं आमचं बघून घेऊ. चाचीला या ‘असीं’तली भिंत बरोबर ऐकू आली. तिने विषय बदलला, पण तोंड जरा उतरलं होतं. माझ्या मते उतरू द्यावं. प्रत्येक सीमेवर समोरच्याला हसूच यावं अशी अपेक्षा धरली तर सीमा आखताच येणार नाही.

पैठणी

वहीतली कपड्यांची एक नोंद मी सुरुवातीला फार मनावर घेतली नव्हती. चाचीच्या मुलीने कॉलेजच्या कार्यक्रमासाठी कपाटातून एक साडी नेली, एवढंच लिहिलं होतं.

१३ जानेवारीला लोहडी. नव्या सुनेची पहिली लोहडी तिथे थाटात करतात. तिला त्या दिवशी आजीची जांभळी पैठणी नेसायची होती. संध्याकाळी घडी उघडली तर पदरावरच्या दोन मोरांच्या मधोमध तेलाचा तळहाताएवढा डाग. नेलेली साडी तीच होती. परत आली ती नीट घडी घालून, वर खाली दुसऱ्या साड्या रचून. डाग पडल्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री ती पंजाबी सूट घालून शेकोटीभोवती फिरली, रेवड्या वाटल्या, फोटोत हसली. दुसऱ्या दिवशी तासाला बसली ती रडतच. तिला चाचीला हिंदीत खडसवायचं होतं. मी अडवलं नाही, फक्त विचारलं की तुला काय हवंय: त्यांना वाईट वाटायला हवंय, की पुढच्या वेळी विचारायला हवंय? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, दोन्ही.

मला ते पटलं. दोन्ही हवं असण्यात काही गैर नाही. आम्ही दोन्ही असलेलं वाक्य बांधलं. तिने ते पाठ केलं नाही, वहीच्या पानावर लिहून पान ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. दोन दिवसांनी चाची एकटी असताना गेली आणि म्हणाली:

“चाची जी, गुस्सा ना करिओ. एह साड़ी मेरी नानी दी निशाणी ऐ. मैनूं बहुत दुख लग्गिआ. अग्गे तों पुच्छ के लै लिआ करो.”

नानी म्हणजे आईची आई. पुढचं मराठी वाचकाला उलगडायची गरज नाही, आणि हेच मला या दोन भाषांबद्दल सारखं वाटत राहतं. निशाणी, दुःख, पुसून घेत जा. ‘मला राग आला’ हे आम्ही मुद्दाम घेतलं नाही. राग म्हटलं की समोरचा आपला राग बाहेर काढतो. दुख लग्गिआ म्हटल्यावर त्याला ते खोडता येत नाही.

चाची रुसली. शब्दही तोच, रुस्सणा. नऊ दिवस वेहड्यातून येणंजाणं बंद, कपडे वाळत घालतानाही पाठ फिरवून. बीबीला काही माहीत नव्हतं तरी ती दोन्हीकडे बघत राहायची. चौथ्या दिवशी सासूबाईंनी सुनेला सांगितलं, “जा, मना लै.” जा, समजूत काढ. हिला वाटलं, म्हणजे माफी माग. मला फोन केला, आवाज कापत होता. “काकू, मी चुकले नाही तर मी का जाऊ?”

पंजाबात रुसणं आणि मनवणं ही एकाच क्रियेची दोन टोकं आहेत. रुसणारा आपण अजून नात्यात आहोत हे सांगत असतो. ज्याने नातं तोडलं तो रुसत नाही, तो रीतसर ‘जी, जी’ करत बोलतो. मनवायला जाणारा आपलं म्हणणं मागे घेत नाही, फक्त आपणही नात्यात आहोत हे सांगायला जातो. हे मी तिला सांगितलं खरं, पण जायचं की नाही ते तिच्यावर सोडलं. आणखी पाच दिवस ती गेली नाही. तो तिचा हक्क होता.

मग गेली. आपल्याकडे रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतोच. तिने सासूबाईंच्या कढईत तिळाच्या वड्या केल्या आणि ताटली घेऊन गेली. साडीबद्दल एक शब्द बोलली नाही, माफीचाही नाही. चाचीने वडी घेतली, चावली, आणि म्हणाली की गूळ थोडा करपलाय. मग चहा टाकला.

वेहड्याबाहेर

एक गोष्ट तिने वेगळी शिकून घेतली. जिल्ह्याच्या गावी ती अधूनमधून बसने जाते. गर्दीत अंगाला रेलणाऱ्याला काय म्हणायचं? माळव्यात अनोळखी पुरुषाला ‘बाई जी’ म्हणतात. हो, पुरुषालाच, बाई म्हणजे भाऊ. (ताई म्हणजे थोरल्या काकांची बायको. मराठी माणसाला हे दोन शब्द पचायला महिना लागतो.) “बाई जी, परे हो के खड़ो.” भाऊ, जरा लांब उभे राहा. भाऊ म्हटल्याने आजूबाजूच्या दहा लोकांना कळतं की काय चाललंय, आणि त्या माणसाला भावासारखं वागणं भाग पडतं. नाहीच हटला तर ‘जी’ टाकून द्यायचा, भाऊही टाकून द्यायचा: “परे हट!” हे मी तिच्याकडून खच्चून ओरडून म्हणवून घेतलं, फोनवर, दार लावून. ‘जी’ लावायला शिकवणाऱ्याने तो कधी काढायचा हेही शिकवावं.

आणि हेही लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वरचं सगळं माया असलेल्या घरासाठी आहे. जिथे मारहाण आहे, पगार काढून घेतात, माहेरी फोन करू देत नाहीत, तिथे गोड वाक्यं शोधत बसू नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठी आहे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पंजाबातही चालतो. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्या महिन्यात हे सांगते, विचारलं नसलं तरी.

जे जमलं नाही

बीबीपुढे तिचं काही चाललं नाही. बीबी ऐंशी ओलांडलेली. सरसों दा साग वाढला की त्यावर लोण्याचा गोळा टाकणार, आणि ‘रज्ज गई’ म्हटलं की आणखी एक टाकणार. दोन महिन्यांनी ती म्हणाली, काकू, बीबीपुढे मी रेघ ओढत नाही. मी वहीतल्या बीबीच्या नोंदी खोडायला सांगितल्या.

पैशाचं वाक्य आम्हाला सापडलं नाही. नवऱ्याच्या मामांनी मुलाला कॅनडाला पाठवण्यासाठी मोठी रक्कम उसनी मागितली. तिथे आइलेट्सचे, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, क्लास गल्लोगल्ली आहेत आणि घराघरातून कोणी ना कोणी निघालेलं असतं. ‘मैथों नहीं होणा’ इथे चालेना, कारण पैशाच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘माझ्याकडे नाहीत’ असा होतो, आणि तिचा पगार किती हे सगळ्या वेहड्याला पाठ. खोटं तिला बोलायचं नव्हतं. शेवटी दोघांनी एक लहान रक्कम ठरवली, परत मिळणार नाही असं धरून दिली, आणि ती म्हणाली, “असीं एन्ने ही कर सकदे आं.” आम्हाला एवढंच जमेल. मला तो अर्धा होकार वाटला, ती त्याला अर्धा नकार म्हणते. यावर आमचं अजून एकमत नाही.

मार्चच्या मध्यावर आमचे तास संपले. शेवटच्या आठवड्याच्या वहीत ३ नोंदी होत्या, तिन्ही बीबीच्या, तिने सवयीने लिहिलेल्या. त्याच आठवड्यात घरी पाहुणे आले होते. कोणीतरी तिच्या ताटाकडे जिलेबीची परात सरकवली, आणि ती तोंड उघडणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, “रहण दिओ, एहने नहीं लैणा.” राहू द्या, ती नाही घेणार.

एप्रिलमध्ये तिचा सहज फोन आला. आता ती खालूनच बोलते. बोलता बोलता मागे मुलीचा आवाज आला, चाचीच्या मुलीचा. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. “भाबी, पैठणी लै लवां?”

“ना, ओह नहीं,” ती म्हणाली. “दूजी लै जा, हरी वाली.”

चाची तिथेच बसून मटार सोलत होती म्हणे. मुलगी हिरवी साडी घेऊन गेली.